तिसरी हाक

—तसं हे मी कुणाला सांगायचं नाहीये, मॅडम. आजोबांना शब्द दिलाय. पण तुम्ही ताईचं इतका वेळ ऐकून घेतलंत, आणि आता ती घसा ओला करायला गेलीये — शाळेच्या दारात लावायचं ते रेकॉर्डिंग आहे ना तिचं — तर तेवढ्यात सांगते. ते यंत्र बंद आहे ना? नक्की?

ताईनं सांगितलेला जिल्ह्याचा इतिहास बरोबरच आहे. तिचं सगळं बरोबरच असतं. आमची ही शाळा म्हणजे जुनं जिल्हा न्यायालय, नववीच्या वर्गात फळ्याखाली जो उंच ओटा आहे तिथं न्यायाधीश बसायचे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आता खेळाचे चेंडू ठेवतात — मग नदीवरून सीमा आखली, निम्मी गावं पलीकडे गेली, इकडे यायला परवाना लागायला लागला, तो कुणाला मिळेना, आणि शेवटी पाटी उतरवून अख्खा जिल्हाच शेजारच्या जिल्ह्यात घातला. आणि आजोबा न्यायालयाचे शिपाई, दारात उभे राहून दाव्यातल्या माणसांच्या नावांचा पुकारा करायचे. किती छान सांगते ती, नाही? हात कुठे हलवायचा तेही ठरलेलं असतं. आजोबांचा आवाज तिला मिळालाय म्हणतात. मला काय मिळालं? आजोबांचे कान. हसा, हसा, घरीही हसतात. मला मुकी म्हणतात. नाव तिनंच ठेवलंय.

पण मुकीसमोर माणसं बोलतात हं, भिंतीसमोर बोलावं तशी. आजोबांची नखं मी कापायचे — ताईला किळस यायची — तेव्हा ते बोलायचे. ‘तू कुठे बोलणार नाहीस, म्हणून तुला सांगतो.’

तर तेव्हाची पद्धत अशी, की नाव घेऊन तीन हाका मारायच्या. दावा लावणारा तिसऱ्या हाकेलाही आला नाही, की गैरहजर म्हणून दावा काढून टाकायचा. तिसऱ्या हाकेनंतरच, आधी नाही. सीमा झाल्यावर आजोबांनी पलीकडच्या कितीतरी लोकांना तीन-तीन हाका मारल्या — नदीपलीकडे ऐकू जाणार थोडंच? — आणि दावे पटापट गेले. नोकरी होती, काय करणार?

आता गंमत ऐका. आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, पलीकडच्या गावात दिलेली. तिनंही दावा लावला होता. कुणावर? आजोबांवरच! आम्ही राहतो त्या घरातल्या वाट्यासाठी. म्हणजे आजोबा दारातून आधी बहिणीचं नाव पुकारायचे, मग स्वतःचं, आणि मग स्वतःच ‘हजर आहे’ म्हणत आत शिरायचे. वकील तोंडाला रुमाल लावून हसायचे. ताईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं भावाबहिणीचं फार गोड होतं.

गोड कसलं! आजोबांना तिचा हेवा वाटायचा, मला स्वतः सांगितलंय. लहानपणी दुधावरची साय तिला, नवे कपडे तिला, वडिलांच्या मांडीवर ती — आणि आता घरही पाहिजे? मी म्हटलं, कळतं मला, आजोबा — म्हणजे म्हटलं नाही, मनात आलं.

मग सीमा झाली, आत्याआजी तिकडेच अडकली, आणि दाव्याची तारीख आली. तीन हाका मारल्या की घर आजोबांचं. पहिली मारली. दुसरी मारली. आणि तिसरीच्या वेळी खोकला! इतके खोकले की कुणीतरी पाणी आणलं, न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. पुढच्या तारखेला परत खोकला. दर तारखेला! बाकीच्यांना पुकारताना मात्र घसा ठणठणीत. न्यायाधीशांना काय कळत नव्हतं? पण तेही बोलले नाहीत. शेवटी जिल्हा संपला, दावा नाही संपला. ‘तिला तिसरी हाक मी मारली नाही,’ आजोबा म्हणाले, ‘आणि कुणी मारूही नये.’ म्हणजे आमचं घर अजून — हे बाबांना कळलं तर — तुम्ही बोलणार नाही ना कुठे? आत्याआजी आहे की गेली तेही माहीत नाही आम्हाला.

एवढंच माझं होतं हो. बाकी सगळं ताईचं. आणि तेही मी आता तुम्हाला देऊन बसले, आणि तुम्ही ते लिहाल, आणि म्हणेल कोण? ताईच. तिच्या त्या आवाजात.

— ताईच हाक मारतेय मला. मारू दे. पहिलीच आहे.

सांगितलं कशासाठी माहितीये? आज पुकारा करताना ताई आत्याआजीचंच नाव घेणार आहे. घरातलं नाव, ऐकायला भारदस्त, म्हणून. आणि शाळेच्या दारातून कुणी आत आलं की ते रेकॉर्डिंग वाजणार ना, कायमचं? आजोबांच्या आवाजात, तिन्ही हाका! मॅडम, तिला दुसरं कुठलंही नाव द्या. नाहीतर — नाहीतर मला म्हणू द्या. माझा आवाज बारीक आहे, ठाऊक आहे मला. पण मी दोनच —

ही दुसरी. ‘ए मुके, सतरंजी कोण उचलणार?’ ऐकलंत? तुमच्यादेखत मुके म्हणते.

मी हेव्यापोटी नाही सांगत. म्हणजे, सांगतेय, थोडं. पण हेवा आजोबांनाही होताच ना, तरी तिसरी हाक त्यांच्या घशातून — आले गं!