नऊशे नव्वद अंश

शिवांजली : परत सुटला त्रिकोण. सर, बोट ह्या डिजिटल फळ्याच्या काचेवर टेकवून ठेवायचं, मधे उचलायचं नाही.

मल्लाप्पा सर : उचलत न्हाय गं. तुझं ह्ये पॅनलच खुळं हाय.

शिवांजली : सकाळी आठवीच्या पोरांनी ह्याच्यावरच गरागरा फिरवला की.

मल्लाप्पा सर : त्यांचं वय काय, माझं काय! एकतीस वर्षं खडू धरलेली बोटं हायती ही.

शिवांजली : म्हणून तर म्हणतो, उद्या तपासणीच्या साहेबांपुढं परिवलनाचा तास मी घेतो.

मल्लाप्पा सर : अजिबात न्हाय! हेडसर काय बोललेत ठावं हाय न्हवं? तास जमला तर दहावी माझ्याकडं. न्हाय तर शेवटची दोन वर्षं वाचनालयात कपाटं झाडत बस.

शिवांजली : बरं, मग ओढू नका. ह्या चौकटीत आकडा टाका. नव्वद टाकून हे बटण दाबलं की त्रिकोण आपला आपण फिरतो.

मल्लाप्पा सर : नऊ... शून्य. झालं?

शिवांजली : नऊशे नव्वद झालंय. थांबा, पुसतो. हं, परत टाका.

मल्लाप्पा सर : टाकलं. दाबलं बटण.

शिवांजली : परत नऊशे नव्वद! नऊ दोनदा उमटतोय. सर, हात बघू.

मल्लाप्पा सर : हात बघाय तू काय ज्योतिषी हायस?

शिवांजली : खिशातनं काढा हात.

(सर हात बाहेर काढतात.)

शिवांजली : कधीपासनं कापतोय?

मल्लाप्पा सर : दिवाळीपासनं. फळ्यावर कुणाला कळत न्हाय. खडू दाबून धरला की हात गप बसतोय. ह्या काचेवर लपवाय जागाच न्हाय.

शिवांजली : डॉक्टर काय म्हणाले?

मल्लाप्पा सर : गेलोच न्हाय.

शिवांजली : सर!

मल्लाप्पा सर : वरडू नको, शिपाई ऐकंल. माझ्या बापाचं असंच सुरू झालतं. आधी बोटं, मग हनुवटी. शेवटी आई भरवायची त्यास्नी. मला लई भ्या वाटतंय, पोरी. डॉक्टर त्या रोगाचं नाव सांगणार, आन् मग त्ये घरात येऊन बसणार.

शिवांजली : नाव न सांगता आलंयच की ते घरात. थांबा, आधी हा त्रिकोण पुसतो. कुठं खाली उजवीकडं जाऊन बसलाय.

मल्लाप्पा सर : पुसू नको! नऊशे नव्वद म्हंजे दोन पुरं फेरं, सातशे वीस. राहिलं दोनशे सत्तर. ह्ये यंत्र घड्याळाच्या उलटं फिरवतंय. उलटं दोनशे सत्तर म्हंजेच सुलटं नव्वद. वाडीला देवाला प्रदक्षिणेचा फेरा घालतो त्याच अंगानं.

शिवांजली : म्हणजे बरोबर जागी आला?

मल्लाप्पा सर : आला की! मी पोरांस्नी कायम वाडीचा फेराच सांगत आलोय. नुसतं नव्वद टाकलं असतं तर उलट्या अंगाला गेला असता, साहेबापुढं शोभा झाली असती. आता पोरांस्नी इचारायचं, फेरं किती झालं? आन् ज्याच्याभवती फिरला त्यो मधला ठिपका किती हलला?

शिवांजली : अजिबात नाही.

मल्लाप्पा सर : आठवीत हुतीस तवा 'थोडासा' म्हणालतीस.

शिवांजली : अजून लक्षात आहे तुमच्या? उद्या हेच शिकवा मग. नऊशे नव्वदच.

मल्लाप्पा सर : आन् साहेबांनी हात बघितला तर?

शिवांजली : आकडा पोरांना टाकायला लावा. तुम्ही फक्त विचारा. पण तास झाला की सरळ दवाखान्यात. नाही म्हणालात तर आत्ता हेडसरांकडं जातो.

मल्लाप्पा सर : धमकी देतीस व्हय मास्तरला?

शिवांजली : देतो.

मल्लाप्पा सर : ...तू येशील न्हवं पण? एकट्याला मला आत जाववणार न्हाय.

शिवांजली : येतो की. हात धरून नेतो.

मल्लाप्पा सर : गेटापतोर धरू नको, पोरं बघतील. गेटाच्या भायेर धर.