गुरुवारचं आभाळ

इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीपुढची रांग हलत नव्हती. शिंपीणबाईंच्या पुढे एक बहीण-भाऊ उभे होते. त्यांचं बोलणं ऐकायला कान टवकारावे लागत नव्हते.

"ताई, तू अण्णांना गुरुवारी पाऊस आहे म्हणालीस?"

"हो, मीच म्हणाले. चिखलातून गाडी जाणार नाही म्हटलं, की त्यांचं घरी न्या, घरी न्या हे जरा थांबतं."

"अगं, मी सकाळीच त्यांना सांगितलं, आठवडाभर लख्ख ऊन आहे."

"कशाला?"

"गहू भिजेल म्हणून जेवत नव्हते."

"कुठला गहू? शेत विकून सहा वर्षं झाली."

"ते मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्हा दोघांचं आभाळ वेगळं आहे का?"

"खरं काय आहे पण?"

"रेडिओवर म्हणतात, तुरळक ठिकाणी शक्यता."

"म्हणजे पडणार की नाही?"

"काय माहीत. डॉक्टरांनाही मी म्हटलं, काय ते स्पष्ट सांगा."

"अण्णांचं?"

"हो."

"मग?"

"म्हणाले, हा आठवडा कसा जातो ते बघू."

रांग दोन पावलं सरकली. ते दोघं तिथेच उभे होते, आणि पुढे व्हा म्हणायचं शिंपीणबाईंच्या जिवावर आलं.