पाटलाच्या हौदातली खडस

हॅलो?… प्राणिशास्त्र विभाग. जरा थांबा हं, भिंगाखालचं हलेल… एक… दोन… आणि ही कडेची पुसट. तीन. हं, बोला, कोण?… जयाआक्का! अगं, पोस्टातनं बोलतेस?

काय मोजतेय?… खवला गं. माशाचा. झाडाच्या बुंध्यात वर्षाची कडी असतात ना, तशी यावरही असतात… कुठला मासा म्हणजे? खडस. तुम्हीच नाही का पाठवलात, निपाणीच्या कंडक्टरकडं?… व्हय, डबा पोचला… नाही, वास नव्हता आला… तीनच वर्षांचा होता गं तो. अंडी घालायच्या वयाचासुद्धा नव्हता.

काही नाही. तू बोल… रविवारचं? येणार आहे की. शाळेत सत्कार कशाला पण, नुसतं… बरं, बरं. मामांची हौस.

काय घावलंय?… खडस?… केवढी?… आक्का, हात पसरून दाखवू नकोस, मला इथं बेळगावात दिसत नाही. तोंडानं सांग… काखेपासून बोटापर्यंत!… पोट फुगलंय? नाही, नाही, आजारी नाही ती. गाभोळी असणार पोटात. हेच दिवस असतात त्यांचे.

मारली का?… अजून नाही? मग आहे कुठं?… कुणाच्या हौदात?… पाटलाच्या?

का पण?… हां, श्रावण. त्यांच्या घरात सुरी लावायची नाही. म्हणून रविवारपर्यंत जिवंत… आणि मग आपल्या घरी आणून… कळलं.

पाणी कोण बदलतंय तिचं?… मामा? मामा स्वतः उतरतात हौदात?… पाटील काही…?



काही नाही गं. आई आठवली. त्या हौदाशी ती लांबनं घागर धरायची आणि पाटलाचा गडी वरनं ओतायचा. निम्मं पाणी पायावर… तुला आठवतं ना? मला वाटलं, मलाच आठवतं.

काय म्हणालीस?… पाटील जेवायला येणार? आपल्या घरात?… मासा नाही, ते कळलं, श्रावण. वरणभात. पण येणार… मामा सगळ्या गल्लीत सांगत फिरतात? फिरणारच.

आक्का, ऐक ना… अगं हो, हो, पण ऐक ना. हे माशाचं कुणी ठरवलं?… मी? मी काय म्हणाले होते?… शाळेत. 'खडस राखून ठेवा.' हो, हेच शब्द होते माझे… अगं माझ्यासाठी नव्हे! पाहुण्याला भाकरी राखून ठेवतो, तसं नव्हे. शेत राखतो ना आपण, तसं. कुणी हात लावू नये म्हणून… डोहात. डोहातच राहू द्यायची होती ती.

…मग आधी का नाही सांगितलं. बरोबर आहे तुझं.

नाही, आत्ता नाही कळलं मला. पहिला डबा आला तेव्हाच कळलं… कसं सांगू? कंडक्टर डबा देताना काय म्हणाला माहीत आहे? 'बाई, गावानं पाठवलंय.' गावानं! आपल्याला गावानं कधी काय पाठवलं होतं, आक्का?… तेच. म्हणून गप्प बसले. दोन वर्षं.

…खाल्ले. मग काय केलं असेल? एक तेवढा बाटलीत ठेवलाय, पोरींना दाखवायला. बाकीचे… माप घ्यायचं, खवला काढायचा, आणि घरी नेऊन कालवण. सकाळी वर्गात शिकवायचं की हा मासा संपत चाललाय, आणि रात्री… हसू नकोस ना. चव चांगली होती, तेच तर. लाज वाटते म्हणताना.

आणि पहिल्यांदा डब्यातनं शेपूट बाहेर यायचं. आता मासा ठेवून वर चटणीची पुडी मावते. मला दिसत होतं ते.

काय?… तंबाखूचे वखारवाले पण खडस मागतात? का?… 'बेळगावच्या बाई मागवतात, म्हणजे कायतरी गुण असणार'… अरे देवा. गुडघ्याला? गुडघेदुखीला काही होत नाही गं त्यानं! कोण म्हणालं?… माझं नाव सांगून?

…हॅलो? ऑपरेटर, तोडू नका हो, बोलणं चाललंय. वेळ वाढवून द्या… हॅलो, आक्का?

सांगते काय करायचं. तू मामांना सांग की… तिथंच उभे आहेत? नको, नको, फोन नको देऊस, तूच सांग… का नाही सांगणार?… खरं आहे. तू का सांगायचं.

दे.

जय भीम, मामा… हो, बरी आहे… ऐकलं की, आक्कानं सांगितलं. फार मोठी आहे म्हणे… पाणी गार ठेवताय ना?… तुमच्या हाताशी येते? घाबरत नाही?… मसाला कुटून झाला?… एवढ्यात?… हो. पाटील येणार ते पण कळलं.

मामा, मासा नको मला… मोठा नव्हे, मामा. नको… ऐकू येत नाही? थांबा, दार लावते… असू दे, उघडंच असू दे. मामा! मासा! नको! मला!

…हॅलो?

रुसले नाही. कुणी काही बोललं नाही… चुकलं तुमचं नाही, माझंच सांगायचं राहिलं. ही नको आणि यापुढचीही नको. डबा पाठवू नका. रविवारी शाळेत उभी राहून मीच सांगते सगळ्यांना, मी खाल्लेत ते पण सांगते… पाटलांना काय वाटेल, खरंच माहीत नाही मला. न आले तर न आले.

पण हौदात हात तुम्हीच घातलात ना? मग बाहेरही तुम्हीच काढा. गड्याला हात लावू देऊ नका. डोहापर्यंत तुम्ही न्या, सगळ्या गावादेखत, आणि सोडा. पाटलांनाही बोलवा बघायला.

मला?… मला काय शिजवायचं?

वरणभात, मामा. पाटलांच्या शेजारी माझं ताट मांडा, एकाच पंगतीला.

…हो. मासा नको म्हणाले मी. नको.