दोन्ही पारडी हलकी

नवजात बाळांच्या आयसीयूबाहेर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. दिवाळे गावच्या चंद्राबाईंच्या नवजात नातीचं आतड्याचं ऑपरेशन चालू होतं. दुसऱ्या शकुबाई, मूळच्या साताऱ्याकडच्या. चंद्राबाई त्यांना सांगत होत्या,

“रिपोर्ट बगून माझा पोरगा घाबरला. रगत गोठवनारं जे असतं, ते पोरीत मोट्या मानसाच्या निम्मंच हाय.”

“अगं बया! मग कापायचं कसं वो?”

“मीपन तेच इचारलं. डाक्टरीन बोलली, आजी, नव्या बाळात गोठू न देनारंपन कमीच असतं. दोन्ही पारडी हलकी, म्हनून काटा मदोमद. जन्मल्यावर रगत गोठायला व्हिटॅमिनची सुईपन दिलीय.”

“आन् तुमचा इस्वास बसला?”

“टाचेतून रगत घेतलं, तवा मी बगत होते. जरासा कापूस दाबला, लगेच थांबलं.”

“एवढ्याशा जिवात केवढी करामत म्हनायची!”

“अजून नावपन नाय ठेवलंय तिचं.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“चंद्राबाई कोण? ऑपरेशन नीट झालं. रक्त चढवावं लागलं नाही.”

“ऐकलं का ताई? पोरगी जिंकली तुमची!”

“माझा पोरगा खाली उबा हाय. जरा तुमी सांगता त्याला?”

“तुमीच सांगा की.”

“माझ्याच्यानं बोलवत नाय.”