थेंब पडतो का अजून?

...आणि वर मलाच विचारतात, "काका, एवढी विलायती गाडी दारात, मग रिक्षाने का फिरता?" आता काय सांगायचं ह्यांना? गाडी दारात असणं वेगळं आणि गाडीत बसून कुठे पोचणं वेगळं. बरं, चालत नव्हती असंही नाही. चालायची, मस्त चालायची, फक्त जिथे उभी राहील तिथे खाली लाल थेंब टाकून ठेवायची. गिअरबॉक्सचं तेल. लालभडक असतं ते, मला कुठे माहीत? मी जन्मभर पंचवटीच्या मार्केटात भाजीपाल्याची अडत केली, मला लाल म्हटलं की टोमॅटो कळतो.

आणि हे आधीच सांगतो, गाडी माझ्या हौसेची नाही, नाहीतर म्हणाल म्हातारपणी चळ लागला. गाडी आमच्या मंडळींच्या पाठीची. लंका तिचं नाव. हो, राहतो पंचवटीत आणि बायकोचं नाव लंका, हसून घ्या, गल्ली लग्नापासून हसतेय. तर लंकेला मणक्याचा त्रास, एसटीत बसली की सिन्नर यायच्या आत डोळ्यांत पाणी. ओझरच्या एका द्राक्षवाल्या मित्राने ही गाडी विकायला काढली, जुनी, पण काय तिचा थाट, आणि ही आपली सहज म्हणून पुढच्या सीटवर बसली ती उतरेचना. म्हणाली, "अहो, पाठ आहे की नाही तेच कळत नाहीये." झालं. घेतली. तुम्ही काय केलं असतं?

आता मुख्य गोष्ट. आमची लेक सृष्टी, पुण्याला असते, श्रावणात बाळंत व्हायची होती, आणि डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका म्हणून सांगितलं. मग काय, लेक माहेरी यायच्या ऐवजी माहेरच उठून लेकीकडे गेलं. मीच सोडून आलो लंकेला, ह्याच गाडीने, पाठीला कळलंसुद्धा नाही. निघताना म्हणाली, "सव्वा महिन्यात येते. पण न्यायला या हं. लेकीच्या घरून मी एकटी पिशवी घेऊन निघाले तर विहीणबाई काय म्हणतील?" बरोबर आहे, बाईमाणसाला कुणीतरी न्यायला यावं लागतं, आपल्यात तशीच पद्धत आहे. सव्वा महिना म्हणाली होती. तुम्हाला सांगतो, आता त्या बाळाला दात आलेत.

का? तर गाडी गळते म्हणून! आणि एसटी काय, भाड्याची गाडी काय, दुसऱ्या कशात तिची पाठ तिला बसू देत नाही. तिला सोडून आलो आणि दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये पहिला लाल डाग. मी फोनवर सांगितलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन, आणि फोनवर हेच, ह्याच क्रमाने... जेवलात का? गोळी घेतली का? थेंब पडतो का अजून?

मध्ये दसरा आला. गाडीची पूजा दरवर्षी लंका करते. ह्या वर्षी मीच झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी पुढे घेतली, लिंबू चिरडलं, सगळं रीतसर. आणि रात्रभरात त्या चिरडलेल्या लिंबावर गाडीने आपलं लाल तेल सोडलं. सकाळी समोरच्या सिंधुबाई दूध आणायला निघाल्या आणि बघतात तर काय, लिंबू, लाल पाणी, झेंडूच्या पाकळ्या! तिथूनच मला हाक, "भाऊ, पुढे येऊ नका, कुणीतरी उतारा टाकलाय तुमच्यावर." मी म्हटलं, "सिंधुबाई, गिअरबॉक्सचं तेल आहे ते." तर म्हणाल्या, "हो हो, असंच वाटतं आधी." त्या दिवसापासून आमच्या इमारतीत माझ्या शेजारी कुणी गाडी लावत नाही, रविवारीसुद्धा जागा मोकळी. एवढा एकच फायदा झाला त्या गळतीचा.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे टाय लावलेला मुलगा, गारेगार एसी, हातात कॉफी दिली, तेव्हाच मी ओळखलं की आपलं काही खरं नाही. "सर, लीकेज आहे सर, पूर्ण गिअरबॉक्स रिप्लेस करावा लागेल सर." आणि आकडा सांगितला. तो तुम्हाला सांगत नाही, तुम्ही जेवून आलेले असाल. मी कॉफी तशीच ठेवली आणि थेट अन्सारभाईकडे आलो.

अन्सारभाई म्हणजे आमच्या जुन्या टेम्पोचा डॉक्टर. त्याने खाली वाकून पाहिलं, बोट लावलं, वास घेतला. "काका, कायको टेन्शन लेते? चेंबरचं पॅकिंग गेलंय, बदलून टाकतो." बदललं. चार दिवस कोरडी, पाचव्या दिवशी थेंब. "काका, पॅकिंग नाय, सील हाय." सील बदललं. थेंब. आणि ह्या गाडीत तेल किती उरलंय ते बघायला दांडी नाही हो! आमच्या ट्रॅक्टरला दांडी आहे, टेम्पोला होती, आणि एवढ्या मोठ्या गाडीला नाही. अन्सारभाई म्हणाला, "बडे लोग देखते नहीं काका, सिर्फ बैठते हैं." आणि संध्याकाळी फोन... जेवलात का? गोळी घेतली का? थेंब पडतो का अजून?

एकदा तर मी ठरवलं, पडू दे थेंब, जायचंच. मागे तेलाचे डबे टाकले आणि निघालो. सिन्नरच्या अलीकडे, मोहदरीच्या घाटात गाडीने मान टाकली. इंजिन चालू, मी ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि गाडी जागची हलत नाही. क्रेनला बांधून परत आणली, गाडी पुढून उचललेली आणि मी क्रेनवाल्याशेजारी बसलेलो. फोनवर सांगितलं तर लंका घाबरली. म्हणाली, "असं पुन्हा करायचं नाही, माझी शपथ आहे." आता शपथच घातली, मग गाडी पुन्हा अन्सारभाईकडे.

करमत नाही हो. खरं सांगतो, करमत नाही. चहा करायला गेलो की दोन कपांचं पाणी ठेवतो आणि मग दोन्ही कप मीच पितो, म्हणून मग झोप येत नाही. गोदाकाठी चक्कर मारायला जातो तर लोक विचारतात, वहिनी कशा आहेत? मी म्हणतो, मजेत. आणि घरी येऊन बघतो तर टीव्हीचा रिमोट मी ठेवला तिथेच. तुम्हाला सांगतो, रिमोट ठेवला तिथेच सापडणं ह्यासारखं दुःख नाही.

आणि हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. ती विचारायची, थेंब पडतो का अजून, मी म्हणायचो पडतो, आणि ती म्हणायची, "बरं." आता बरं बऱ्याच प्रकारांनी म्हणता येतं, मी तिचे सगळे ऐकलेत. हे बरं सुटल्यासारखं होतं. लगेच पुढे सुरू, बाळ आज पालथं पडलं, बाळाने आज माझा चष्मा ओढला. मी ऐकायचो.

शेवटी अन्सारभाईला सापडलं. तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडातून तेल झिरपायचं आणि ओघळून चेंबरवर यायचं, इतके दिवस आम्ही भलतीकडेच बघत होतो. पाइप बदलला. "काका, अब कागज बिछा के देखो." मी गाडीखाली पेपर अंथरला. दुसऱ्या दिवशी कोरडा, तिसऱ्या दिवशी कोरडा. संध्याकाळी फोन आला आणि मी म्हटलं, "लंका, बंद झाला थेंब." तर म्हणाली, "हो का? मग... येताय?"

गेलो. द्राक्षांची पेटी घेतली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. दार उघडलं तर लंका तयार, बाहेर जायची साडी, पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि बाळ कडेवर, त्याच्या मुठीत तिचा पदर घट्ट. सृष्टीची रजा संपलेली, सोमवारी कामावर जायचं, बाळाला सांभाळायला लावलेली बाई काम सोडून गेलेली. जावई महेशराव म्हणाले, "बाबा, आईंना न्यायला आलात ना? हो, बरोबरच आहे तुमचं." सृष्टी हसत होती, पण तिचं ओढूनताणून आणलेलं हसू मला लगेच कळतं. राहू द्या आईला, असं कुणी म्हटलं असतं ना, तर मी भांडलो असतो. तशी तयारी करूनच गेलो होतो. पण कुणी म्हणालंच नाही.

चहा घेतला. आणि माझ्याच तोंडून निघालं, "लंका, एक घोळ झालाय. नारायणगावला थांबलो तर खाली पुन्हा थेंब. तुला घेऊन वाटेत अडकलो तर तुझ्या पाठीचं काय?"

लंकेने बाळ सृष्टीकडे दिलं आणि माझ्याबरोबर खाली आली. गाडीपाशी आली, गुडघ्यावर हात ठेवला आणि वाकली. ती पाठ घेऊन वाकली हो! गाडीखाली पांढरी फरशी, स्वच्छ, एक ठिपका नाही. ती बघत राहिली. मग सावकाश सरळ झाली, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गळतेय की. बरीच गळतेय." आणि मग म्हणाली, "अन्सारभाईंना सांगा, घाई करू नका म्हणावं."

वर जाऊन तिने तीच पिशवी रिकामी केली, साड्या काढल्या, त्यात डिंकाचे लाडू, चटणी, लोणच्याची बरणी, असं काय काय भरलं आणि खाली आणून स्वतःच्या हाताने पुढच्या सीटवर ठेवली. मी निघालो. गेटपाशी पोचतोय तोच गाडी लागली वाजायला, टिंग टिंग टिंग! म्हटलं आता नवीन काय गेलं? बघतो तर समोर लाल दिवा, शेजारचा पट्टा लावा म्हणून. पिशवीचं वजन हो. वॉचमन गेट धरून उभा, मागे दुसरी गाडी हॉर्न मारतेय, आणि ही गप्प बसेना. एवढी शहाणी विलायती गाडी, आणि तिला वाटलं लंका बसलीय. म्हटलं, असू दे बाई, तुला वाटतंय ना, मग तसंच समजू... आणि वाकून पिशवीला पट्टा लावला.