‘मोरपंखी वणवा’ आणि माझ्या मुलीचं लग्न

…आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही मन लावून वाचली नसेल!" अहो, मन लावून म्हणजे काय? चष्मा लावला, दिवा लावला, पाठीला उशी लावली, आता मन काय वेगळं पाटा-वरवंट्यानं वाटून लावायचं असतं? तुम्हाला सांगतो, माणसानं या जगात काहीही कबूल करावं. क्रिकेट कळत नाही म्हणावं, हापूस आवडत नाही म्हणावं, बायकोचा भाऊ आवडत नाही म्हणावं, लोक हसतात आणि सोडून देतात. पण सगळ्यांना आवडलेली कादंबरी आपल्याला आवडली नाही असं एकदा म्हणून बघा! लोक असे बघतात, जसं काय तुम्ही देवळाबाहेरनं दुसऱ्याच्या चपला घालून निघालात!

मी ईश्वर नाबर. गिरगावातली एक खोली सोडून मीरा रोडला शांती नगरात दोन खोल्या घेतल्या, हवा मोकळी, गॅलरीतनं लांबवर मिठागरं दिसतात, नळाला पाणी मात्र दिसत नाही, त्यासाठी टँकर येतो. ही गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवची. त्या वर्षी आमच्याकडे दोन साथी आल्या होत्या. एक मलेरियाची. दुसरी ‘मोरपंखी वणवा’ची! कादंबरी जुनीच, पण नवी आवृत्ती निघाली आणि पुन्हा पेटली! मलेरियाला निदान गोळ्या होत्या हो!

कोपऱ्यावरच्या वाचनालयात नंबर लावायला लागायचा. आमची ही, म्हणजे शैला, तिनं नंबर लावून आणली आणि वाचायला बसली. दुपारी रडली. संध्याकाळी रडली. भाजी चिरताना रडली, मी म्हटलं कांदा असेल, बघतो तर दुधी! मी विचारलं, "एवढं काय झालंय त्यात?" तर म्हणते, "तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही वाचाच. आणि काही नाही तरी शेवट वाचा. शेवट! काय शेवट आहे!"

समोरच्या ब्लॉकमधले मितेशभाई, कापडाचा धंदा, ते जिन्यात अडवून म्हणतात, "अरे ईश्वरभाई, आपने वो किताब पढ़ी? मेरी वाइफ को मराठी बराबर आती नहीं, फिर भी रोती है! आपको तो आती है ना?" म्हणजे माझ्या मातृभाषेवरच संशय! दारावर मासे घेऊन येणारी सरूबाई, ती टोपली उतरवता उतरवता सांगते, "शेट, माजी सून तीच वाचतेय. कालवण करपलं तरी उठली न्हाय!" आता सांगा, जिच्यापायी घरोघरची कालवणं करपतायत ती कादंबरी मी वाचायची नाही म्हणजे काय?

घेतली. वाचली. म्हणजे सुरुवात केली.

अहो, त्यातला तो निशिकांत! खिडकीशी उभा राहतो. पहिलं प्रकरण संपतं, हा उभाच. दुसऱ्या प्रकरणात पाऊलभर सरकतो, मला बरं वाटलं, म्हटलं निघाला बाबा कामाला! कसला निघतोय? दुसऱ्या खिडकीशी गेला! नोकरी नाही, धंदा नाही, बंगला एवढा मोठा, लाइटचं बिल कोण भरतं काही पत्ता नाही. आणि ती मृण्मयी! तिला काही विचारलं की ती उत्तर देत नाही, तिच्या पापण्यांवर संध्याकाळ उतरते! चहा घेतेस का? संध्याकाळ उतरली. कशी आहेस? उतरली संध्याकाळ. आणि सूर्य साधा मावळेल की नाही? नाव नको! तो ‘रक्तबंबाळ होऊन क्षितिजाच्या मांडीवर डोकं ठेवतो’. मी मुद्दाम गॅलरीत जाऊन बघितलं हो. आमच्या मिठागरांमागे गेला आपला गुपचूप. कुणाच्या मांडीवर नाही, काही नाही.

दीडेकशे पानं ढकलली आणि मिटली. नाही आवडली, काय करू?

इथवर ठीक होतं. आपली नावड आपल्यापाशी. पण आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता, प्रसाद घेऊन मंडळी बसलेली, विषय निघाला तोच, आणि कुणीतरी मला विचारलं, "मग नाबर, कशी वाटली?" आणि मी, तोंडात शिरा, सरळ बोलून गेलो, "मला नाही आवडली." संपलं! भटजी दक्षिणेचं तबक घेऊन थांबले. एक काकू म्हणाल्या, "नाही… आवडली?" जसं मी म्हटलं होतं की मला नवरात्रात कोंबडी लागते. मग प्रत्येकाचा उपदेश! "पुन्हा वाचा." "पावसात वाचा." "दुःख भोगल्यावर वाचा." अहो, वाचतानाच भोगत होतो की! घरी आल्यावर शैला म्हणाली, "चारचौघांत हेच बोलायचं होतं? आता मला बायका काय म्हणतील?" आणि खरंच हो, तिला भिशीत कुणी आग्रह करून वडा वाढेना. माझ्यामुळे!

बरं, हेही सोसलं असतं. पण तेवढ्यात आमच्या रसिकाचं निघालं.

रसिका आमची एकुलती एक. बँकेत नोकरीला लागलेली, सरळ मुलगी. एक दिवस म्हणते, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय." नाव पराग केरकर, आमच्याच शांती नगरात, दोन सेक्टर सोडून, इंजिनियर. म्हटलं, भेटलात कुठे? तर म्हणे टँकरच्या रांगेत! त्यानं हिची बादली उचलली आणि अर्धं पाणी स्वतःच्या बुटांत सांडलं. जुळलं तिथंच. मला आवडला हो मुलगा, जो आवडायचा तो मला पहिल्या पानावर आवडतो. पण रसिका म्हणाली, "बाबा, एकच अडचण आहे. त्याच्या आईचं सगळं चालतं त्या घरात. आणि त्याची आई…"

"काय? हुंडा?"

"छे हो! त्या ‘मोरपंखी वणवा’ वाचतात. दरवर्षी."

दरवर्षी! मी खाली बसलो.

केरकर मंडळी रविवारी आमच्याकडे यायची ठरली. शैलानं मला आदल्या दिवशीच समोर बसवलं. "हे बघा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुम्ही हवापाण्यावर बोला, डासांवर बोला. त्या कादंबरीचं नाव निघालं तर हसायचं, मान हलवायची आणि गप्प बसायचं. कळलं?" रसिका नुसती बघत राहिली माझ्याकडे. ती ओरडली असती तर परवडलं असतं हो, ते तिचं बघणं… मी म्हटलं, "बेटा, शब्द दिला. आवडली! मला कादंबरी भयंकर आवडली!"

आले. पराग, त्याचे वडील हरिश्चंद्र केरकर, बोटीवर इंजिनात नोकरी करून निवृत्त झालेले, कमी बोलणारा माणूस, आणि त्याची आई, सुगंधाबाई. उंच, पांढरी साडी, हातात पर्स नाही, काही नाही. मला वाटलं होतं रडूबाई असतील. कसल्या? नजर अशी, की मी आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं.

बटाटेवडे आले, चहा आला, डासांवर बोलून झालं. मी डास पुरवून पुरवून वापरत होतो. पण संपले शेवटी. आणि सुगंधाबाई म्हणाल्या, "रसिका सांगत होती, तुमच्याकडे ‘मोरपंखी वणवा’ वाचली सगळ्यांनी."

मी हसलो. मान हलवली. ठरल्याप्रमाणे.

"तुम्हाला कुठला भाग आवडला?"

आता आली का पंचाईत? मान हलवून याचं उत्तर कसं देणार? शैलानं टीपॉयखाली माझ्या पायावर पाय दिला, म्हणजे गप्प बस की काहीतरी बोल, काय समजायचं मी? आणि एकदम आठवलं, सगळे शेवट-शेवट करत असतात! म्हटलं, मारा ठोकून. मी डोळे मिटले आणि अगदी गहिवरून म्हणालो, "शेवट! अहाहा! शेवट वाचून जे काही समाधान वाटलं ना… असं वाटलं, व्हायला हवं होतं तेच झालं!"

परागच्या हातातला वडा हातात. शैलानं पाय काढून घेतला.

सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "शेवटी सासू वणव्यात जळून मरते."

काय सांगू तुम्हाला! धरणी दुभंगावी तर आमचं घर तिसऱ्या मजल्यावर! मुलीचं लग्न जमवायला बसलोय, समोर होणारी सासू, आणि मी सांगतोय, सासू जळली, समाधान वाटलं! हरिश्चंद्रराव खोकायला लागले, खोकताहेत की हसताहेत कळेना. आणि माझी रसिका… ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे डोळे भरलेले. तिचे ते डोळे बघितले आणि माझं सगळं नाटक गळून पडलं.

मी म्हटलं, "केरकरबाई, माफ करा. मी खोटं बोललो. दीडशे पानांपुढं गेलो नाही मी. नाही आवडली हो मला, काय करू? तो माणूस खिडकीतनं हलत नाही, ती बाई एक वाक्य धड बोलत नाही, आणि जी गोष्ट पानभरात सांगून होईल ती शंभर पानं चालते. लांब आहे हो, फार लांब आहे! पण याचा राग माझ्यावर काढा. पोरीला पुस्तकांची आवड आहे, ती माझ्यावर गेलेली नाही."

शैलानं डोक्याला हात लावला. मी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायलो.

सुगंधाबाईंनी हातातली बशी टीपॉयवर ठेवली. मग म्हणाल्या, "लांब आहे, खरं आहे." आणि मग सांगायला लागल्या. "आम्ही इथे राहायला आलो तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्या एकटीच्या घरात दिवा लागायचा. हे बोटीवर, पराग हॉस्टेलला. रस्ता नाही, फोन नाही, बाहेर कोल्हे ओरडायचे. त्यात यांच्या बोटीची खबर येईना. कंपनीत जायचे, तिथले म्हणायचे, कळलं की सांगू. घरी यायचे आणि ही कादंबरी काढून बसायचे. मोठ्यानं वाचायचे. घरात माणसाचा आवाज हवा ना कुणाचा तरी, म्हणून स्वतःचाच. तो निशिकांत खिडकीशी उभा असायचा, तेव्हा मीही खिडकीशीच असायचे. लांब होती म्हणूनच बरी होती हो ती. पानं उरली आहेत तोवर मला वाटायचं, हेही आहेत."

हरिश्चंद्ररावांचा खोकला थांबला. ते म्हणाले, "हे मला कधी सांगितलं नाहीस." बाई म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही पहिल्या पानावर झोपता."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला इतकं ओशाळं वाटलं… आणि तरी, मनात आलंच, की हे जे बाईंनी आत्ता सांगितलं ते त्या लेखकाला का नाही लिहिता आलं?

मग त्या उठल्या. मी म्हटलं, गेलं लग्न. दारात वळून म्हणाल्या, "नाबर, अर्धवट वाचून नावं ठेवलेली मला चालत नाहीत. पूर्ण वाचा. मग या घरी आणि काय वाटलं ते सांगा. खोटं सांगायचं नाही."

"आणि लग्नाचं?" शैलानं विचारलं.

"ते मग बोलू."

वाचली! मुलीसाठी बाप काय काय करतो! गॅलरीत बसून मोठ्यानं वाचली. सुरुवातीला लाज वाटली, खाली टँकरपाशी उभी असलेली माणसं वर बघायला लागली. शैला तांदूळ निवडत ऐकायची, रडायची, तांदूळ ओले. रसिका ऑफिसातनं आली की दाराशी उभी राहून विचारायची, "बाबा, कुठवर आलं?" जसं काही मी डोंगर फोडतोय. मितेशभाई समोरनं ओरडायचे, "ईश्वरभाई, थोडा ज़ोर से, वाइफ को सुनाई नहीं देता!" निशिकांत खिडकीतनं हलला एकदाचा, मी टाळी वाजवली. सासू जळली, मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. समोर सुगंधाबाई दिसायला लागल्या हो!

आणि गेलो त्यांच्या घरी. शैलानं दारातनं हात जोडले, मला की देवाला, माहीत नाही. सुगंधाबाईंनी पाणी दिलं, समोर बसल्या. "बोला."

एका शब्दावर पोरीचं सगळं अडलेलं. ‘आवडली’ म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण त्यांची ती नजर. मी म्हटलं, "पूर्ण वाचली. मोठ्यानं वाचली. तुम्ही सांगितलंत त्यानंतर तो खिडकीचा भाग मला टोचला नाही. पण… नाही आवडली, काय करू?"

बाई बघत राहिल्या. आणि मग हसल्या हो! खळखळून, पदर तोंडाला लावून. म्हणाल्या, "इतकी वर्षं लोकांना ही कादंबरी देतेय. सगळे म्हणतात अप्रतिम, आणि विचारायला गेलं की नायिकेचं नाव सांगता येत नाही. तुम्ही पहिले, ज्यांनी पूर्ण वाचून तोंडावर नाही म्हटलंत. ज्या घरात बाप असं बोलतो, तिथली मुलगी मला चालेल. तारीख काढा."

लग्न झालं. झोकात झालं. पोरगी सुखात आहे, सासूशी तिचं छान जमतं. सगळं चांगलं झालं, मग मी तक्रार कसली करतोय, म्हणाल. अहो, सांगतो ना! परवा पराग स्कूटरवरून आला, मोठी जड पिशवी घेऊन. शैलाला वाटलं, जावयानं आंबे आणले. उघडली तर कादंबरी! नवी! तीन खंड! पराग म्हणतो, "आईनं दिलीय. म्हणाली, सगळे वाहवा करतायत, पण खरं सांगणारा माणूस एकच आहे आपल्यात. तिन्ही खंड वाचून मग कळवा." आणि ही काही पहिली नाही हो, लग्नापासनं सातवी! एकही आवडली नाही. आणि जितकं नाही म्हणतो, तितकी बाईंची माझ्यावरची श्रद्धा वाढतेय! आता काय करणार? मुलगी दिलीय हो त्या घरात… वाचतोय!