बक्षिसाचा मेसेज

फोन बाईच्याच हातात असतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं, साहेब? एचआयव्हीच्या गोळ्या नेमाने घेणाऱ्याला बक्षिसाचे शिलिंग फोनवर धाडायचं ठरवलंत आणि मोकळे झालात. कहामा गावच्या दवाखान्यात रांगेत उभ्या युस्ताच्या कानावर पुढच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

"न्यामिझी, किती वाळलीस गं! गोळ्या घेतेस ना?"

"सोडल्या, कुल्वाच्या आई."

"वेड लागलं का? आता तर वर पैसेही देतात!"

"म्हणून तर सोडल्या. फोन नवऱ्याचा. त्याच्यावर मेसेज आला, 'औषध नियमित घेतल्याबद्दल अभिनंदन.' विचारतो, कसलं औषध?"

"अगं बाई! मग?"

"म्हटलं, चुकून आला असेल. पुन्हा आला तर घराबाहेर काढील."

"पैसे नको म्हणायचं की!"

"म्हटलं ना. म्हणतात, नियम आहे. गोळी घेतली की पैसे येणारच."

"आणि पोटातल्या लेकराचं काय?"

न्यामिझी रांगेत एक पाऊल पुढे सरकली. युस्ता आज बक्षिसासाठी आपल्या घरातल्या एकुलत्या फोनचा नंबर द्यायलाच आली होती.

खिडकीशी पोचताच न्यामिझी वाकून म्हणाली, "साहेब, बक्षीस नको मला. नुसती गोळी पाहिजे. देता की नाही, तेवढं सांगा."